बुटावरची लाल मिरची

श्रावण लागला की नार्व्याच्या आमच्या घरात दोन वास मुक्कामाला येतात. एक पातोळ्यांच्या वाफेतून उठणारा हळदीच्या पानांचा, आणि दुसरा दोन दिवस दोरीवर लोंबूनही न वाळलेल्या कपड्यांचा. यंदा त्यांत तिसऱ्याची भर पडली. दुपारी सोप्यावर आले तर स्पिरिटसारखा, नाकाच्या शेंड्याला थंड लागणारा एक वास दरवळत होता. पावलं तिथंच थांबली. वासाला वय नसतं म्हणतात ते खरं असावं. क्षणभर मी एकोणीस वर्षांची झाले.

म्हापशाहून आलेली माझी भाची तन्वी सोप्यावर मांडी घालून बसली होती. मांडीवर पांढरे कोरे कॅनव्हासचे बूट आणि शेजारी अठ्ठेचाळीस रंगांच्या मार्करांचा डबा. तिनं गुलाबी मार्कर उचलला आणि थेट बुटाच्या नाकावर फूल काढलं. बघता बघता शाई कापडाच्या धाग्यांतून पळाली आणि फुलाला चहूबाजूंनी मिशा फुटल्या.

"आत्ये, हे काय गं झालं?" तिचा रडवेला चेहरा.

"आधी जिभेवर करून बघायचं असतं," मी म्हटलं.

तिनं झटकन तोंड मिटलं. मला हसू आवरेना. "तुझ्या नव्हे गं, बुटाच्या! नाडीखालची पट्टी असते ना, तिच्या आतल्या अंगाला. तिथं चुकलं तरी कुणाला दिसत नाही."

"तुला कसं ठाऊक?"

मी तिच्या शेजारी बसले. हातातला मार्कर घेतला, टोपण काढलं आणि पुन्हा एकदा तो वास घेतला. कसं ठाऊक ते सांगायला एक अख्खा श्रावण उलगडावा लागणार होता.

तेव्हा मी माहेरी, कोरगावला होते. बारावी झाली होती. गोव्याचं राज्य होऊन थोडीच वर्षं लोटलेली. आमच्या बसमध्ये रोज सकाळी मराठी का कोंकणी यावरून दोन पक्ष पडायचे, आणि गंमत म्हणजे दोन्ही पक्ष त्याच एका बोलीत भांडायचे. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या बाटल्या खोक्यांत भरण्याच्या कारखान्यात मला काम लागलं होतं. सहा महिने शिकाऊ, काम नि वागणूक बरी असेल तर कायम. आमच्या घरात पगाराची नोकरी करणारी पहिली मुलगी मी. पहिल्या दिवशी बाबा बस येईपर्यंत पिंपळाखाली उभे होते आणि आई डब्यात काय काय कोंबावं हे न सुचून दोन भाज्या देऊन बसली होती.

कारखान्यात शिरलं की चपला बाहेर काढायच्या. आत प्रत्येकीला पांढरा कोट, पांढरी टोपी आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट घरी न्यायचे नाहीत. दर शनिवारी काम संपलं की मागच्या नळावर सगळ्याजणी ते घासायच्या आणि जनरेटरच्या खोलीबाहेरच्या फळीवर वाळत ठेवायच्या. साठेक बायकांचे साठ जोड, सगळे एका कापडाचे, एका घाटाचे. सोमवारी सकाळी त्या फळीसमोर जी झुंबड उडायची ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारालाही लाजवील. प्रत्येक बुटात टाचेपाशी मालकिणीचा नंबर लिहिलेला असायचा, पण तो श्रावणातल्या धुण्यात फिकट होऊन जायचा. मग कुणी वास घेऊन बूट ओळखायची, कुणी अंगठ्याचा उंचवटा चाचपून.

माझ्या शेजारी, बाटल्या वाहून आणणाऱ्या पट्ट्यापाशी, पारूअक्का उभी राहायची. गडहिंग्लजकडची. नवरा डिचोलीत गवंडीकामावर, दोन मुली तुयेच्या शाळेत. चाळिशीची, काळीसावळी, हातात ताकद अशी की माझ्याकडून न मिटणारं खोकं ती एका तळव्यानं मिटवायची. पहिल्या आठवड्यात माझी बोटं पुठ्ठ्यानं कापली तेव्हा तिनं पदराची चिंधी फाडून बांधली होती आणि म्हणाली होती, "पोरी, पुठ्ठ्याला घाबरल्यावर त्यो जास्त चावतो बघ."

समोरच्या पट्ट्यावर सुमतीबाई. आमच्याच कोरगावची. कारखाना सुरू झाल्यापासूनची, सगळ्यांत जुनी. कामाला चोख, जिभेला तिखट. तिच्यापुढे सुपरवायझरसुद्धा जरा दबकून असायचा.

त्या श्रावणातल्या एका सोमवारी सुमतीबाईचे बूट फळीवर नव्हते. आदल्याच आठवड्यात तिला नवा जोड मिळाला होता. ती अनवाणी शोधत फिरली आणि अचानक पारूअक्कासमोर थांबली.

"काढ बगया एक बूट."

अक्कानं गोंधळून बूट काढला. सुमतीबाईनं तो उलटा करून आत बघितलं. टाचेपाशी स्वच्छ लिहिलेलं होतं, 29. सुमतीबाईचा नंबर.

"माजे नवे बूट हिच्या पायात कशे आयले?" तिचा आवाज अख्ख्या खोलीत घुमला. "ह्या भायल्या लोकांका कामाक घेतत कित्याक? आज बूट, फाल्यां आनी कायतरी!"

पट्टे चालू होते, पण हात थांबले. अक्काचा चेहरा मी पाहिला. ती रागावली नाही, रडली नाही. फक्त तिचे हात, ते खोकं मिटवणारे मोठाले हात, कुठं ठेवावेत हे तिला कळेना झालं. तिनं दुसरा बूट काढला, दोन्ही नीट जोडून सुमतीबाईच्या पुढ्यात ठेवले आणि हळू म्हणाली, "मी कशाला घीन गं दुसरीचं? माझाच नंबर हाय त्यो."

सुपरवायझर आला, कुजबुज झाली, फळीवर मागं उरलेले तिचे जुने बूट अक्काला देण्यात आले. जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच जिन्याच्या पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ गेले.

"अक्का, तुझा नंबर कोणता गं?"

"एकवीस."

"लिहून दाखव."

पायरीवर धूळ होती. तिनं बोटानं सावकाश लिहिलं. आधी दोन, मग एक. आपला मराठी एक, वर गाठ आणि खाली शेपूट. मी बघत राहिले. तो इंग्रजी नऊसारखाच दिसत होता! इंग्रजीत लिहिलेला 29 तिनं आपला २१ म्हणून वाचला होता. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती आणि तेवढ्या शिक्षणावर इमानानं चालत होती.

मी धावत सुमतीबाईकडे गेले, सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काहीतरी हललंसुद्धा. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "वाचूक येना जाल्यार विचारूक जाय."

साठ बायकांसमोर चोर म्हणायला एक क्षण पुरतो. तो शब्द परत घ्यायला मात्र माणसाला स्वतःच्या अंगावरून चालत जावं लागतं. सुमतीबाईला ते जमेना.

संध्याकाळी फाटकापाशी अक्का म्हणाली, "म्या आता येत न्हाई. कुठंबी माती वाहीन. हितं तोंड दाखवू कसं?"

"मुलींची शाळा?"

तिनं फाटकाचा गज धरला. मग म्हणाली, "मला नंबर नको बघ त्यो. चित्र काढून दे काहीतरी. माझं मला वळखू येऊ दे. देणार असशील तर उद्या येते."

चित्रं काढणं एवढं एकच मला येत होतं. दर चवथीला आमच्या घरी गणपतीमागची भिंत रंगवण्याचं काम माझ्याकडे असायचं. पण भिंत निराळी आणि शनिवारी साबणानं घासला जाणारा बूट निराळा, हे मला पुढच्या चार दिवसांत कळलं.

"काय काढू अक्का?"

"मिरची. आमच्याकडची, लालभडक. लांबनंबी दिसाय पायजे."

पहिला प्रयत्न कारखान्यातल्याच मार्करनं केला. खोक्यांवर लिहायचा तो, अंगठ्याएवढा जाड. रेघ ओढली आणि ती पसरून मिरचीचं काळं वांगं झालं. नशीब, घरच्या जुन्या बुटावर करून बघत होते. दुसऱ्या दिवशी भावाचे स्केचपेन घेतले. मिरची काय सुंदर उतरली! कौतुकानं बूट पाण्यात बुडवला आणि वर काढला तो अख्खा गुलाबी. मिरची बादलीत विरघळून गेली होती.

तिसऱ्या दिवशी मी पेडण्याच्या बाजारात उतरले. तिथं वह्या-पुस्तकांचं एक अंधारं दुकान होतं. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचत बसलेले.

"काका, कापडावर चालणारा आणि धुतल्यावर न जाणारा मार्कर आहे?"

"कसल्या कापडार?"

"बुटाच्या."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग जणू आयुष्यभर याच गिऱ्हाइकाची वाट बघत असल्यासारखे उठले. तीन-चार मार्कर काउंटरवर मांडले. एका जुन्या पिशवीचा तुकडा ताणून धरला. "ह्यो बघ. बारीक टोकाचो, पक्क्या शाईचो. ह्याने पयली कड काढायची. कड सुकली की मगच आत रंग. आनी रंग कडेपर्यंत न्यायचा नाय, तांदळाएवढी जागा सोडायची. शाई आपल्या पायाने चलत येता थंय." मग दुसरा उचलून कानापाशी हलवला. आत गोळी टकटक वाजली. "ह्यो गॅरेजवाले नेतात, टायरीवर लिवपाक. रंग दाट. पसरना. पण थोडोच लाव, नाय तर सुकल्यावर तडकतलो."

मी बारीक काळा, पक्का लाल, हिरवा आणि टकटक वाजणारा पांढरा असे चार घेतले. दुकानातून निघताना ते मागून ओरडले, "बुटात पेपर कोंब गो! कापड ताठ नसल्यार हात वळटा!"

एवढं मनापासून मला शाळेतल्या कुठल्या मास्तरांनीही शिकवलं नव्हतं.

तन्वी ऐकता ऐकता बुटात पेपर कोंबू लागली होती. "आधी फिका रंग की गडद?" तिनं विचारलं. आधी फिका, मी म्हटलं, कारण फिक्यावर गडद चढतो, गडदावर फिका रुसतो. आणि ओढायचं नाही, टोकानं टिपत जायचं, जखमेला औषध लावतो तसं.

तर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत जिन्याच्या पायरीवर बसून मी अक्काच्या दोन्ही बुटांच्या बाहेरच्या अंगाला एकेक मिरची काढली. काळी कड, लाल अंग, वाकडं हिरवं देठ, आणि पाठीवर चमक दिसावी म्हणून पांढऱ्याचा एक टिपका. तो टिपका पडला आणि मिरची जिवंत झाली. शनिवारी दोघींनी ते बूट मुद्दाम खसाखसा घासले. मिरची तशीच. अक्कानं बूट डोळ्यांसमोर धरला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. "आता बघ, आंधळीलाबी गावंल."

सोमवारी ती फळीपाशी आली, त्या झुंबडीतून हात घातला आणि पहिल्या फटक्यात स्वतःचे बूट उचलून चालू लागली. बाकीच्या चाचपतच होत्या.

मग काय! मंगळवारी बेळगावकडच्या दोघी बूट घेऊन माझ्यासमोर उभ्या. बुधवारी सहाजणी. एकीला अबोलीचा वळेसर, आमच्याकडचा गजरा, हवा होता, एकीला बांगडा, तोही शेपटी वर केलेला. डिचोलीच्या एकीनं देवळाची दीपमाळ मागितली, पेडण्याच्या एकीनं काजूचा बोंडू. बोंडूचा पिवळा-तांबडा जमवताना मी दोन मार्कर संपवले. कुणाची कुठली बोली, कोण कुठून आलं, हे आता बुटांकडे बघून कळायला लागलं. वर्गणी काढून मार्करांचा डबा आणला गेला, आणि टोपणं घट्ट लावायची जबाबदारी अक्कानं आपणहून घेतली. शाई वाळली तर ती पट्ट्यावरूनच डोळे वटारायची.

फक्त सुमतीबाईचे बूट कोरे राहिले. ती येता-जाता बघायची आणि मान वळवायची.

चवथीच्या दहा-बारा दिवस आधी नोटीस लागली. मुंबईहून मोठे साहेब पाहणीला येणार. सुपरवायझरनं सगळ्यांना उभं केलं. "बुटांवरची जत्रा पुसा! पांढरे म्हणजे पांढरे. आणि हे ज्या शिकाऊ मुलीनं सुरू केलं, तिचा कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे, हे तिनं लक्षात ठेवावं."

पक्की शाई पुसणार कशी? शेवटी बुटांना लावायचा सफेदा आणला आणि सगळ्याजणींनी त्याचे दोन-दोन हात मारून चित्रं बुजवली. संध्याकाळी साठ जोड बगळ्यांसारखे ओळीनं बसले होते. अक्का आपल्या बुटाकडे बघून म्हणाली, "बर्फात गाडली गं मिरची." पण मला धीर द्यायला तीच पुढं. "तुझ्या नोकरीपरास मोठी हाय का मिरची?"

पक्क्या शाईचा गुण मात्र आम्हाला अजून पुरता समजला नव्हता. रात्रभराच्या दमटपणात ती सफेद्यातून वर आली. पाहणीच्या सकाळी बघतो तर कुणाच्या बुटावर फिकी जांभळी सावली, कुणाच्या बुटावर गुलाबी बांगड्याचं भूत! आणि अक्काच्या बुटावर दोन मिरच्या, तान्ह्या बाळाच्या गालांसारख्या. दुसरा सफेदा लावायला वेळ नव्हता. साहेब आलेच.

पाहुणे पट्ट्यापट्ट्यानं फिरले. आमचे मॅनेजर पुढं, घामेजलेले. मी खोक्यात मान घालून होते. पाहुण्यांमधले एक उंच गृहस्थ अक्काच्या पायांशी थबकले, वाकून बघितलं आणि पुढं गेले.

पाहणी संपली. पाहुण्यांनी आणि मॅनेजरांनीही आत येताना आपापले काळे बूट दारात काढून आमचे पांढरे घातले होते. बाहेर पडण्याची घाई, विमान गाठायचं होतं. गाड्या गेल्या. थोड्या वेळानं दारातून मॅनेजरांचा आवाज आला, "माझे बूट कुठे आहेत?" दारात एकच काळा जोड उरला होता, आणि तो त्यांच्या पावलाला दोन बोटं मोठा होता. उंच गृहस्थ मॅनेजरांचे बूट कसेबसे चढवून दाबोळीच्या वाटेला लागले होते.

मॅनेजर त्या होडग्यांत पाय सरकवून ऑफिसात चालत गेले. फट्‌ फट्‌ आवाज लांबपर्यंत ऐकू येत होता. आम्ही साठजणींनी ओठ इतके घट्ट मिटले की डोळ्यांतून पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावणं आलं. हातातलं खोकं मिटवलं आणि गेले. मॅनेजरांच्या टेबलावर नवा काळा जोड होता.

"काळ्यावर कुठला मार्कर चालतो?" त्यांनी विचारलं.

मला ऐकू आलेलं खरं वाटेना. "पांढरा, सर. टायरवर लिहितात तो."

"जिभेच्या आत काढ. बाहेर दिसता कामा नये."

"काय काढू?"

त्यांनी नव्या बुटाची नाडी सोडून जीभ वर केली. मग जरा लाजून म्हणाले, "ज्वारीचं कणीस येईल? आमचं सोलापूरकडं शेत होतं."

मी तिथंच खुर्चीवर बसून कणीस काढलं, एकेक दाणा टिपून. त्यांनी ते नखानं हळूच तपासलं आणि सांगितलं, "सगळ्यांना सांग. टाचेवर, मागच्या बाजूला, टिकलीएवढं चित्र चालेल. त्याहून मोठं नाही." मग ड्रॉवरमधून माझा कागद काढून समोर सरकवला. सही झालेली होती.

टिकलीएवढ्या जागेत मिरची बसवणं हे भिंतीएवढ्या जागेत मोर बसवण्यापेक्षा अवघड. पण तेही जमलं.

चवथीच्या सुट्टीआधीचा तो शेवटचा दिवस. बाहेर ऊन-पावसाचा खेळ, आत सगळ्यांचं लक्ष गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाकडे आणि गावाकडच्या गाड्यांकडे. अक्काला दोनच दिवसांची रजा होती, गडहिंग्लज गाठून परतणं शक्य नव्हतं. ती मार्करांच्या टोपणांची शेवटची तपासणी करत जिन्यावर बसली होती. मी शेजारी.

समोर सावली पडली. सुमतीबाई. हातात तिचे कोरे बूट. तिनं ते माझ्यापुढं धरले, पण डोळे अक्काच्या हातांवर.

"माजेर पण काड कायतरी," ती म्हणाली.

मी मार्कर उचलला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तो अक्काच्या हातात दिला. "अक्का, तू काढ."

अक्का दचकली. सुमतीबाईही. दोघींमध्ये तो बूट तसाच अधांतरी राहिला. मग सुमतीबाई खाली पायरीवर टेकली, बूट अक्काच्या मांडीवर ठेवला आणि कुणाकडंही न बघता म्हणाली, "चूक माजी जाली त्या दिसा. मोठ्यान बोलले, म्हणून मोठ्यानच सांगतंय."

आणि खरंच ती ते एवढ्या मोठ्यानं बोलली होती की नळावरच्या बायका वळून बघू लागल्या.

अक्कानं बूट डाव्या हातात घट्ट धरला, जीभ दातांत पकडली आणि टिपत टिपत काढू लागली. दोन शिंगं. वशिंड. चार बारके पाय. बेंदराला, बैलांच्या सणाला, रंगवतात तशी शिंगांची टोकं लाल केली. टिकलीच्या जागेला तो बैल मोठा होता, पण त्या दिवशी मोजायला कुणी आलं नाही.

सुमतीबाईनं टाच डोळ्यांजवळ नेली. "बैल?"

"व्हय."

"माज्या बुटार बैल कित्याक?"

अक्कानं टोपण टक्‌ करून लावलं. "वळखू यावं म्हणून. मारका हाय."

सुमतीबाई अक्काकडे बघत राहिली, मग बैलाकडे, मग पुन्हा अक्काकडे. आणि मग तिला जे हसू फुटलं ते आधी खांद्यांतून, मग पोटातून, शेवटी डोळ्यांतून वाहायला लागलं. तिनं पदरानं डोळे पुसले, बूट पायात चढवले आणि उठताना अक्काच्या खांद्याचा आधार घेतला.

"चवथीक आमच्या घरा ये गो. पोरींकाय घेवन ये," ती म्हणाली. "आनी भियेव नको. मी मारूचंय नाय."